कपाट तिरकं, लाकूड नारंगी: जुन्या कोकणी घरातलं फर्निचर फोनवर कसं टिपावं

प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ आजोळचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. जास्तीचं फर्निचर, म्हणजे सहा फुटी आरशाचं कपाट, वेताची आरामखुर्ची, एक पलंग आणि सावंतवाडीचं रंगीत टेबल, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायचं आहे. फोन साधा अँड्रॉइड. फोटोत कपाट वर निमुळतं दिसतं, लाकूड नारंगी येतं, आरशात फोटो काढणाराच दिसतो आणि खोली काळोखी वाटते. चांगला कॅमेरा भाड्याने आणावा का?

नको. यातली एकही तक्रार फोन साधा असल्यामुळे नाही. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरगुती निवासांचे आणि सुतारांच्या कामाचे फोटो काढते, आणि हल्ली त्यातलं बरंचसं काम फोनवरच होतं. ट्यूबलाइट लावून, चार फुटांवरून, कॅमेरा वर तिरका धरून काढलात तर भाड्याच्या कॅमेऱ्यातही कपाट असंच येईल. दोन गोष्टी बदला. घरातले सगळे दिवे बंद करून एकाच दाराचा उजेड घ्या, आणि आज जिथे उभे राहता त्याच्या दुप्पट मागे जा. उरलेलं सगळं या दोन गोष्टींना धरूनच आहे.

त्याआधी लेन्स पुसा. किनाऱ्यावर हे रोजचं काम आहे. खाऱ्या वाऱ्याचा आणि घामट हातांचा एक पातळ चिकट थर काचेवर बसतो आणि डोळ्यांना तो दिसतही नाही. फोटोत मात्र खिडकीभोवती दुधाळ वलय येतं आणि काळं लाकूड राखाडी दिसतं. अंगातल्या शर्टाने पुसलं तर तेल नुसतं पसरतं. धुतलेल्या सुती धोतराचा मऊ तुकडा खिशात ठेवा, काचेवर हलकी फुंकर घालून पुसा. एसीच्या गाडीतून उतरलात तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, बाहेरच्या दमट हवेत लेन्सवर लगेच वाफ धरते.

आता उजेड. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) असतो, दिवसाचा ५५०० ते ६५०० च्या आसपास. फोन अख्ख्या फोटोसाठी एकच हिशेब धरतो. दाराकडची बाजू त्याने बरोबर दाखवली की बल्बकडची बाजू नारंगी होते, आणि बल्ब सांभाळला तर दाराकडचं लाकूड निळसर पडतं. नंतर कितीही रंग फिरवा, दोन्ही बाजू एकदम जमत नाहीत. म्हणून दिवे बंद. खोली डोळ्यांना अंधारी वाटली तरी बंद. फोन स्थिर असेल तर त्याला तुमच्यापेक्षा कमी उजेड पुरतो.

आपल्याकडच्या घरात याशिवाय एक तिसरा रंग असतो, आणि त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. जांभ्यात लोहाचं प्रमाण भरपूर, म्हणून चिरा लाल. उघड्या चिऱ्याच्या भिंतीवर किंवा तांबड्या मातीच्या अंगणात ऊन पडलं की तिथून उसळून आत येणारा उजेडही तांबूस होऊनच येतो. परसदारी नारळी-पोफळीची दाट वाडी असेल तर त्या दाराने हिरवट उजेड येतो. तुमच्या लाकडाचं नारंगीपण निम्मं बल्बचं आणि निम्मं या अंगणाचं असावं असा माझा अंदाज आहे. उपाय साधा: दारासमोर अंगणात, फोटोत येणार नाही अशा जागी, पांढरी चादर पसरा. मातीवरचं ऊन चादरीवर पडू लागलं की आत येणारा उजेड लगेच निवळतो. चादर टाकण्याआधी आणि टाकल्यावर असे दोन फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवा, मग तुम्ही ती चादर कधी विसरणार नाही.

रंग पक्का करायला आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक वस्तूचा पहिला फोटो तिच्यावर पांढरा कोरा कागद टेकवून काढा, दुसरा कागद काढून. नंतर फोटो सुधारताना पहिल्यातला कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सरकवा आणि तेवढाच बदल दुसऱ्याला करा. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ५५०० केल्विनच्या जवळपास स्वतःच ठरवून ठेवा, म्हणजे एकाच कपाटाचे पाच फोटो पाच रंगांचे येत नाहीत. विकताना याला फार किंमत आहे. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळं असतं आणि वयाबरोबर तपकिरी होत जातं. फोनने रंग आपल्या मनाने तापवला की जुना फणस आणि जुना साग फोटोत सारखेच दिसतात. मग गिऱ्हाईक घरी येऊन म्हणतं, हे फोटोतलं नव्हे.

दार कुठलं उघडायचं? वस्तूच्या एका बाजूला येणारं. उजेड तुमच्या पाठीमागून आला तर लाकूड सपाट, पुठ्ठ्यासारखं दिसतं. वस्तूच्या मागून आला तर तिची नुसती काळी आकृती उरते. बाजूने, थोडा तिरपा आला की लाकडाच्या रेषा, रंध्याची कड, कोरीव नक्षी, सगळं उठून दिसतं. समोरासमोर दोन दारं असतील तर एक लोटून घ्या. सावलीकडची बाजू फार काळी वाटली तर तिकडे कोणाला तरी पांढरी चादर ताणून धरायला सांगा, वस्तूपासून दोन-तीन फुटांवर. एवढ्याने काळोखातली बिजागरी दिसू लागते.

वेळेचं म्हणाल तर ते घराच्या तोंडावर आहे. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात संध्याकाळचं ऊन थेट ओटीवर शिरतं. डोळ्यांना ते फार सुंदर, पण फर्निचरवर त्याचे जळके पट्टे उठतात. अशा घराचं काम सकाळी करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या पडवीत दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो, आणि फर्निचरसाठी त्याहून चांगली जागा नाही. मात्र साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत गुहागरच्या आसपास भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, तेव्हा तीच पडवी दुपारी टाळावी.

पावसाळ्यात फोटो काढू नयेत असं लोक धरून चालतात. माझं मत नेमकं उलट आहे. मळभ असलेला दिवस, पाऊस थांबून उघडीप पडलेली, अंगणात ऊन नाही, असा उजेड मला मिळाला तर मी दुसरी कामं सोडून आधी फर्निचर उरकते. अख्खं आभाळच मऊ दिवा झालेलं असतं आणि तांबडी मातीही ऊन उसळवत नाही. फक्त दमटपणाचं पाहा. स्पिरिट पॉलिशवर पावसाळ्यात पांढुरका धुरकट थर येतो, कपाटाच्या मागच्या फळीवर बुरशी धरते, फुगलेली दारं नीट मिटत नाहीत. आदल्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून, खोलीत पंखा लावून ठेवा. ओल्या फडक्याने पुसून लगेच फोटो काढलात तर सुकलेल्या आणि ओल्या लाकडाचे डाग पडतात आणि गिऱ्हाइकाला ते खराबीचेच वाटतात.

कौलारू घरात एक गोष्ट हमखास आड येते: काचेचं कौल. त्यातून कवडसा नेमका कपाटाच्या दारावर पडतो. डोळे तो सांभाळून घेतात, फोन नाही. तेवढाच ठिपका पांढराफटक आणि बाकी कपाट काळं होतं. अर्धा-पाऊण तास थांबा, कवडसा स्वतःच सरकतो. घाई असेल तर त्याच्या वाटेत वर पांढरं कापड धरायला सांगा, त्याचाच पसरट उजेड होतो.

गडद लाकडापुढे फोन आणखी एक गोष्ट करतो. समोर काळंभोर शिसवी काही दिसलं की उजेड कमी आहे असं समजून तो फोटो उजळवतो, आणि लाकूड धुवट, दाणेदार येतं. स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. ते थोडं खाली ओढा, लाकूड डोळ्यांना दिसतं तितकं गडद होईपर्यंत. फ्लॅश मुळीच नको.

फोन स्थिर ठेवणं यातच आलं. दिवे बंद केल्यावर फोन फोटोला जास्त वेळ घेतो, हात हलला की फोटो पुसट येतो. तिपाई असेल तर उत्तम. नसेल तर उंच स्टुलावर पितळी डबा, त्याला टेकवून फोन, आणि तीन सेकंदांचा टायमर. बटण दाबतानाचा धक्काही मग लागत नाही.

आता कपाटाकडे येऊ. ते वर निमुळतं दिसतं कारण तुम्ही जवळ उभे राहून फोन वर झुकवता. फोनची मुख्य लेन्स (स्क्रीनवर १एक्स) जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या २४ ते २६ मिलिमीटर लेन्सइतकी रुंद पाहते. खोलीसाठी ती ठीक, वस्तूसाठी जरा जास्तच रुंद. स्क्रीनवर ०.६ दाखवणारी रुंद लेन्स तर जवळजवळ १३ मिलिमीटरची, फर्निचरसाठी तिला हातही लावू नका: जवळचा पाय हत्तीचा होतो आणि मागचा काडीचा. सहा फुटी कपाट थोडी मोकळी जागा धरून १एक्सवर साधारण सहा फुटांवरून मावतं, २एक्सवर बारा फुटांवरून. बारा फुटांवरून त्याचे आकार जसे आहेत तसे येतात. तुमच्या फोनचा २एक्स खरा नसेल, नुसता कापून मोठा केलेला असेल, तरी चालेल. आकार तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरतो, लेन्सवर नाही. लांबून १एक्सवर काढून कडा कापल्यात तरी तोच परिणाम मिळतो.

माजघरात बारा फूट कुठून आणायचे? आपल्या घरांत दारं बऱ्याचदा एका रेषेत असतात, तेवढं पाहा. कपाट माजघराच्या मागच्या भिंतीशी ठेवून तुम्ही ओटीवर उभे राहा आणि मधल्या दारातून फोटो काढा. दाराची चौकट फ्रेमबाहेर राहील इतकंच पुढे-मागे व्हा.

फोनची उंची वस्तूच्या मध्याशी. कपाटाला जमिनीपासून तीन फूट, म्हणजे जवळजवळ कमरेशी. खुर्चीला बैठकीच्या जरा वर, दीड-दोन फूट. टेबलाचा वरचा भाग दिसायला हवा म्हणून त्याला थोडं उंच. पलंगाला गुडघ्याच्या किंचित वर. आपण सगळं उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून काढतो, म्हणून खुर्च्या वरून चेपल्यासारख्या दिसतात. फोन सरळ उभा धरा, पुढे-मागे न झुकवता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि कपाटाची उभी कड ग्रिडच्या रेषेशी जुळवा.

एवढं करूनही कपाट तिरकं दिसलं तर ते खरोखरच तिरकं असेल. जुन्या घरात कोबा खचलेला असतो, सारवलेली जमीन तर समपातळीत नसतेच. गवंड्याचा ओळंबा किंवा दोऱ्याला बांधलेलं कुलूप कपाटाच्या कडेला सोडून बघा. झुकलेल्या बाजूच्या पायाखाली पातळ लाकडी पाचर सरकवा. दारंही मग नीट मिटतात आणि दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसते. ही फट मुद्दाम पाहा. विकत घेणाऱ्या सुताराची नजर आधी तिथेच जाते, आणि ती वाकडी दिसली तर सगळं कपाटच पिळलंय असं तो धरून चालतो.

आरशाचं उत्तर कोनात आहे. समोर उभे राहिलात तर तुम्ही दिसणारच. दीड-दोन फूट बाजूला सरका आणि मागे लांब जा, म्हणजे आरशात बाजूची भिंत येईल. ती भिंत साधी असू द्या, तिथलं कॅलेंडर आणि मीटरबोर्ड तात्पुरता झाका. अगदी समोरूनच हवा असेल तर टायमर लावून फोन स्टुलावर ठेवा, स्टुलामागे गडद चादर टांगा आणि स्वतः बाजूला व्हा. चादरीत फोन फारसा उठून दिसत नाही.

सावंतवाडीच्या टेबलाची अडचण याच जातीची, पण जास्त नाजूक. त्या चकचकीत थरावर खिडकीची पांढरी सावली पडते आणि नेमकी रंगवलेली फुलं तिच्याखाली झाकली जातात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) हाताने रंगवणारे कारागीर बसतात, त्यांच्या हातचं काम पाहिलंत तर कळेल की त्यातली सगळी किंमत त्या बारीक रेघेत असते. ती रेघ फोटोत दिसलीच पाहिजे. टेबल हळूहळू फिरवत जा आणि स्क्रीनवर बघत राहा. एका कोनात चकाकी टेबलावरून सरकून बाहेर जाते, तिथे थांबा. घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्सपुढे धरून हळूच फिरवा. तिरप्या कोनातून पाहताना चकाकी बरीच मावळते आणि खालचा रंग वर येतो. काचेचा स्वतःचा रंग फोटोत उतरतो, तो मघाच्या कोऱ्या कागदाने दुरुस्त करून घ्या. पितळी कड्या आणि मुठींवर मात्र गॉगल चालत नाही, धातूच्या चकाकीला तो लागू पडत नाही. तिथे पांढरी चादर समोर धरा, पितळेत ती उमटून मुठीला गोलाई येते. पितळ चिंचेने घासून लखलखीत करावं का, तर विकण्याच्या वस्तूवर मी तसं करत नाही. जुन्या वस्तूंच्या गिऱ्हाइकाला तो काळपटपणाच हवा असतो, आणि घासलेला परत आणता येत नाही.

आता विक्रीचे फोटो कोणते काढायचे. समोरून एक, तिरपा एक, हे सगळेच काढतात. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक किनाऱ्यावरच्या फर्निचरला ज्या गोष्टींसाठी घाबरतं ते फोटो कोणी पाठवत नाही, आणि सौदा तिथेच अडतो. पाय: जमिनीची ओल पहिली पायांत चढते. फोन जमिनीवर टेकवून पायांचा फोटो घ्या, लाकूड खालून कुजलेलं नाही हे दिसू द्या. पाठ: कपाट भिंतीपासून ओढून मागची फळी दाखवा, वाळवीच्या मातीच्या रेघा नाहीत हे गिऱ्हाइकाला पाहायचं असतं. लोखंड: स्क्रू, कुलूप, बिजागऱ्या. खाऱ्या हवेत ही गंजतातच, थोडा गंज दिसला तर बिघडत नाही. आणि आतून: दारं उघडून, कप्प्यांसकट.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या कोपऱ्याचा सांधा जवळून टिपा. हाताने कापलेल्या सांध्यात दात थोडे लहान-मोठे असतात, सुताराच्या खुणेची बारीक ओरखडलेली रेघ शिल्लक असते. जाणकार तेवढ्यावरून काम ओळखतो. तसंच फळीचं कापलेलं टोक जिथे उघडं आहे तिथलाही एक फोटो द्या. सागाच्या टोकावर वर्षांची वलयं स्पष्ट दिसतात. घरात वर्षानुवर्षं ‘बर्मा टीक’ म्हणत आले असतील, पण खात्री नसेल तर तसं लिहू नका, टोकाचा फोटो द्या आणि ठरवू द्या त्याला. जवळचे फोटो घेताना फोन अगदी चिकटवू नका, फोकस सुटतो. वीतभर लांब राहून २एक्स करा.

आरामखुर्चीचं वेत हे वेगळं काम आहे. समोरून जाळी नुसता करडा पट्टा दिसते. खुर्ची अशी वळवा की उजेड जाळीवरून घसरत जाईल, जवळजवळ समांतर. मग वेताचा प्रत्येक वेढा सुटा दिसतो, तुटलेलाही दिसतो. तुटलेला लपवू नका, त्याचा वेगळा फोटो बोट ठेवून द्या. नवीन विणून घ्यायला किती पडेल हे गिऱ्हाईक स्वतः विचारून घेतं आणि भाव त्यावर ठरतो. पोर्ट्रेट मोड इथे वापरू नका, मागचं धूसर करताना तो जाळीची भोकं आणि खुर्चीचे बारीक पायही पुसून टाकतो.

खोल्यांचे फोटो थोडक्यात. इथे ०.६ लेन्स एखाद्या फोटोपुरती चालेल, कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवरून, फोन अगदी सरळ धरून, आणि फ्रेमच्या कडेला खुर्ची किंवा पलंगाचा कोपरा येऊ न देता, कारण कडेचं सगळं ताणलं जातं. पण त्याच खोलीचा १एक्सवरचा फोटोही सोबत टाका. रुंद लेन्सने दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते, आणि पाहुणा दारात पाऊल टाकताच नाराज होतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, लोंबत्या वायरी, कपाटावरच्या बॅगा हलवा. झोपाळा, चौरंग, फडताळ राहू द्या, माणूस कोकणात त्यासाठीच येतो.

फोटो सुधारायला गूगलचं स्नॅपसीड फुकट मिळतं. त्यात उभ्या कडा सरळ करा, मघाच्या कागदाप्रमाणे रंग लावा, कडा कापा, आणि थांबा. फिल्टरने लाकूड मधासारखं चमकवलंत तर ती चमक घरी पोचल्यावर नसते.

मापं शब्दांत लिहाच: उंची, रुंदी, खोली, इंचांत. शिवाय एका फोटोत कपाटाला मीटर टेप लावून दाखवा, आकडे वाचता येतील इतका जवळ. मुंबईच्या माणसाला ते लिफ्टमध्ये मावेल का ही पहिली काळजी असते.

शेवटचं, पाठवण्याबद्दल. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि सांध्याची, गंजिफाच्या रेघेची बारकाई त्यात जाते. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र डॉक्युमेंटबरोबर फोटोत साठलेलं जीपीएसचं ठिकाणही जातं. तुमचं घर वर्षातले बरेच महिने बंद असतं आणि आत विकण्याजोगं जुनं सामान आहे, तेव्हा फोटो काढण्यापूर्वीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा. जाहिरातीत गाव किंवा तालुका लिहा. घरापर्यंतचा रस्ता, फाटक आणि कडी-कुलूप दिसणारे फोटो पहिल्या खेपेला देऊ नका. पत्ता द्यायचा तो बोलणं पक्कं झाल्यावर आणि तुम्ही स्वतः घरी असाल त्या दिवसाचा.